अनुदिनीसाठी मंचाची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १९९४ ते २०२५)

प्रस्तावना

लिहावे कशासाठी, या प्रश्नाची चर्चा मराठीत विपुल झाली आहे. लिहिलेले ठेवावे कोठे, हा प्रश्न मात्र प्रकाशक, ग्रंथपाल आणि अभिलेखपाल यांच्यावर सोपवून लेखक मोकळा होत असे. आंतरजालावरील लेखनाने ही वाटणी मोडून टाकली. स्वतःची अनुदिनी, म्हणजेच रूढ शब्दात ब्लॉग, सुरू करणाऱ्या व्यक्तीला पहिले अक्षर उमटविण्यापूर्वीच काही गोष्टी ठरवाव्या लागतात. आपले लेखन कोणाच्या यंत्रावर राहील, कोणाच्या नावाच्या पत्त्यावर सापडेल आणि कोणाच्या अटींनी बांधलेले असेल, हे त्याच वेळी निश्चित होते. बहुतेकजण हा निर्णय पाच मिनिटांत करतात. त्याचे परिणाम दहा-पंधरा वर्षांनी दिसू लागतात.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. पदवीच्या अखेरच्या वर्षी आम्ही काही विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली परिसरातील खेड्यांतले पाणवठे, वीरगळ आणि जुने वाडे यांच्या नोंदी घेतल्या होत्या. वृद्ध ग्रामस्थांनी सांगितलेल्या आठवणीही त्यांत होत्या. हे सर्व साहित्य छायाचित्रांसह एका मोफत मंचावर ठेवले गेले आणि ते आता कायमचे जतन झाले, अशी आमची समजूत झाली. पुढे अध्यापनाच्या निमित्ताने त्या नोंदी पाहू गेल्यावर त्या पत्त्यावर काहीच उरले नसल्याचे आढळले. त्या वेळी मुद्रित करून ठेवलेली थोडी पाने विभागाच्या कपाटात मिळाली. आठवणी सांगणाऱ्यांपैकी बहुतेक व्यक्ती आज हयात नाहीत. त्यामुळे मंचाची निवड हा तांत्रिक सोयीचा विषय राहत नाही. इतिहासाच्या साधनांचा विषय म्हणूनच त्याचा विचार करावा लागतो.

अनुदिनीसाठी मंच निवडताना कोणत्या निकषाला अग्रक्रम द्यावा, याचे उत्तर मंचांच्या सुमारे तीस वर्षांच्या वाटचालीतून शोधणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट होय. खर्च, सोय, सजावट आणि वाचकसंख्या हे निकष नेहमी सांगितले जातात. मंच सोडून जाताना लेखकाला आपले लेखन व आपला पत्ता बरोबर नेता येतो किंवा नाही, हा निकष या सर्वांहून अधिक निर्णायक ठरला आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. परिभाषा आणि विश्लेषणाची चौकट

जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या संकेतस्थळासाठी ‘वेबलॉग’ ही संज्ञा योजली. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी तिची गमतीने फोड केली आणि ‘ब्लॉग’ हा सुटसुटीत शब्द रूढ झाला. मराठी लेखकांनी त्यासाठी ‘अनुदिनी’ व ‘जालनिशी’ असे शब्द योजले. प्रस्तुत निबंधात ‘अनुदिनी’ हा शब्द स्वीकारला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी मंचाचे तीन घटक वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला घटक म्हणजे लेखनाची मांडणी करणारी प्रणाली, अर्थात सॉफ्टवेअर. दुसरा घटक म्हणजे लेखन ज्यावर साठविले जाते तो सर्व्हर. तिसरा घटक म्हणजे वाचक ज्या नावाने तेथे पोहोचतो तो पत्ता, अर्थात डोमेन. हे तिन्ही घटक एकाच कंपनीच्या हाती असू शकतात, किंवा तीन भिन्न ठिकाणी विभागलेले असू शकतात. मंच निवडताना लेखक प्रत्यक्षात या तीन घटकांच्या ताब्याची वाटणी ठरवीत असतो, हे ध्यानात घेतल्यास पुढील इतिहास समजणे सोपे जाते.

२. जिओसिटीज : मोफत जागेचा आरंभ

सामान्य माणसाला आंतरजालावर मोफत जागा देण्याचा पहिला मोठा प्रयोग १९९४ मध्ये अमेरिकेत झाला. डेव्हिड बोनेट व जॉन रेझनर यांनी सुरू केलेला हा उपक्रम पुढे ‘जिओसिटीज’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याची रचना नगरासारखी होती. विषयवार वसाहती, त्यांत क्रमांक दिलेली घरे आणि घरांत राहणारे रहिवासी अशी ती कल्पना होती. रूपक आकर्षक होते, परंतु रहिवाशांच्या नावावर सातबारा नव्हता.

याहू कंपनीने १९९९ मध्ये जिओसिटीज विकत घेतली. त्याच वर्षी लागू केलेल्या नव्या अटींनुसार सदस्यांनी तेथे ठेवलेल्या साहित्याच्या वापराचे अतिशय व्यापक अधिकार कंपनीला मिळत होते. सदस्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, अनेकांनी आपली पाने रिकामी केली आणि कंपनीला अटी बदलाव्या लागल्या. मंचाची मालकी बदलली की लेखक व मंच यांच्यातील कराराचे स्वरूपही बदलू शकते, हा धडा येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर मिळाला. पुढे २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीजची अमेरिकेतील सेवा बंद करण्यात आली. ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने आणि इंटरनेट आर्काइव्हने त्यांतील बराच भाग उतरवून घेतला म्हणून तो आज अभ्यासकांना उपलब्ध आहे.

३. ब्लॉगर : एका प्रणालीच्या दोन वाटा

ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या लहानशा कंपनीने ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू केली. इव्हान विल्यम्स आणि मेग हूरिहान यांची ही कंपनी होती. ब्लॉगरचे मूळ स्वरूप आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. लेखक ब्लॉगरच्या संकेतस्थळावर मजकूर लिहीत असे आणि तयार झालेली पाने फाइल-हस्तांतरणाच्या, म्हणजे एफटीपीच्या, पद्धतीने लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर पाठविली जात. प्रणाली कंपनीची, परंतु साठवण व पत्ता लेखकाचा, अशी ही वाटणी होती. ज्यांच्याकडे स्वतःची जागा नव्हती त्यांच्यासाठी २००० मध्ये ‘ब्लॉगस्पॉट’ ही मोफत सोय आली. तेथे तिन्ही घटक कंपनीच्याच हाती गेले.

२००१ च्या आरंभी पायरा लॅब्जचे पैसे संपले. कर्मचारी निघून गेले आणि विल्यम्स यांनी एकट्याने सेवा चालू ठेवली. नव्या सर्व्हरसाठी वापरकर्त्यांना वर्गणीचे आवाहनही करण्यात आले होते. त्या दिवसांत कंपनी बुडाली असती, तर स्वतःच्या सर्व्हरवर पाने ठेवणाऱ्यांचे जुने लेखन तरी टिकले असते. ब्लॉगस्पॉटवरील लेखकांना ही हमी नव्हती. फेब्रुवारी २००३ मध्ये गुगलने पायरा लॅब्ज विकत घेतली आणि संकट टळले. आर्थिक स्थैर्य आले, तशी ब्लॉगस्पॉटची वाट रुंदावत गेली. २०१० मध्ये एफटीपीची वाट बंद करण्यात आली. स्वतःचे डोमेन जोडण्याची सोय मात्र २००७ च्या सुमारास आली होती व ती कायम राहिली. अर्थात साठवण कंपनीकडे आणि पत्ता लेखकाकडे, ही मधली व्यवस्था शिल्लक राहिली. तिचे महत्त्व पुढे येणाऱ्या घटनांवरून कळून येईल.

४. परवान्याचा प्रश्न : मूव्हेबल टाइप आणि वर्डप्रेस

स्वतःच्या सर्व्हरवर प्रणाली बसविणाऱ्या लेखकांमध्ये २००१ पासून ‘मूव्हेबल टाइप’ लोकप्रिय झाली. बेन व मीना ट्रॉट या दांपत्याच्या सिक्स अपार्ट कंपनीची ही निर्मिती होती. वैयक्तिक वापरासाठी ती मोफत मिळत असली, तरी तिचा परवाना मुक्त नव्हता. मे २००४ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली आणि अनेक अनुदिन्या किंवा अनेक लेखक असणाऱ्यांना शुल्क भरणे भाग पडू लागले. शुल्क आकारणे हा कंपनीचा हक्कच होता. तथापि फुकट मिळणारी वस्तू व मुक्त वस्तू यांतील भेद त्या दिवशी पुष्कळांना प्रथमच जाणवला.

याच्या एक वर्ष आधी, २७ मे २००३ रोजी, मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘वर्डप्रेस’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली होती. तिचा जन्मही एका बंद पडत चाललेल्या प्रणालीतून झाला. मिशेल वाल्द्रिगी यांच्या ‘बी-टू’ या प्रणालीचे काम थंडावले होते. परंतु तिचा परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त, असल्याने कोणालाही ती पुढे नेण्याचा अधिकार होता. मूळ कर्ता थांबला तरी काम थांबले नाही. मूव्हेबल टाइप सोडणाऱ्यांपैकी अनेकजण वर्डप्रेसकडे वळले. आज जगातील संकेतस्थळांपैकी सुमारे दोन-पंचमांश संकेतस्थळे या प्रणालीवर चालतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

जून २००४ मध्ये घडलेली आणखी एक घटना येथे नोंदविणे उचित ठरेल. अनुदिनी-लेखनाच्या प्रवर्तकांपैकी एक असलेले डेव्ह वायनर आपल्या सर्व्हरवर सुमारे तीन हजार अनुदिन्यांना मोफत जागा देत होते. हा भार एका व्यक्तीला पेलणे अशक्य झाल्याने त्यांनी पूर्वसूचना न देता ती सेवा थांबविली. पुढे लेखकांना त्यांचे साहित्य मिळण्याची व्यवस्था झाली, परंतु जुने पत्ते विस्कळीत झाले. यजमानाचा हेतू चांगला असणे ही टिकाऊपणाची हमी ठरत नाही, हे या प्रसंगातून दिसते.

५. मराठी लेखकाची निवड : लिपी हाच पहिला निकष

मराठी लेखकाने मंच निवडताना पाश्चात्त्य लेखकापेक्षा वेगळ्या प्रश्नाला तोंड दिले. देवनागरी अक्षर वाचकाच्या पडद्यावर उमटेल काय, हा तो प्रश्न होता. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश झाला होता. तरीही पुढील दहा-बारा वर्षे बहुतेक मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी फाँटांवर अवलंबून राहिली. त्यांत अक्षर देवनागरी दिसे, परंतु साठविला जाणारा संकेत रोमन अक्षराचा असे. फाँट नसेल तर मजकूर निरर्थक चिन्हांची रांग ठरे, आणि शोधयंत्राला त्यात मराठी सापडत नसे.

विंडोज २००० आणि त्यानंतरच्या एक्सपी या प्रणालींत युनिकोड देवनागरीची सोय आली. त्यांतील ‘मंगल’ हा फाँट सुप्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला. तथापि एक्सपीवर ही सोय वेगळी कार्यान्वित करावी लागे आणि त्यासाठी अनेकदा मूळ तबकडी शोधावी लागे. ‘बरहा’, ‘गमभन’ अशा साधनांनी टंकलेखन सुलभ केले. गुगलने २००७ मध्ये ब्लॉगरमध्ये हिंदीसाठी लिप्यंतराची सोय दिली आणि पुढे मराठीसह इतर भारतीय भाषांनाही ती मिळाली. अशा परिस्थितीत युनिकोड मजकूर बिनतक्रार स्वीकारणारा, मोफत आणि सर्व्हरच्या कारभारातून मुक्त करणारा मंच मराठी लेखकाला जवळचा वाटला, हे स्वाभाविक होते. ब्लॉगस्पॉट आणि २००५ मध्ये सुरू झालेले वर्डप्रेस डॉट कॉम यांवर मराठी अनुदिन्यांची वस्ती प्रामुख्याने वाढली, त्याचे कारण येथे सापडते.

मात्र या निवडीची एक किंमत होती. ब्लॉगर लेखाचा पत्ता शीर्षकातील रोमन अक्षरांवरून तयार करीत असे. शीर्षक देवनागरीत असल्यास पत्त्यात ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढेच शब्द व त्यापुढे एखादा अंक येई. परिणामी शेकडो मराठी लेखांचे पत्ते एकमेकांसारखे दिसतात आणि केवळ पत्त्यावरून लेख कोणता हे ओळखता येत नाही. वर्डप्रेसमध्ये देवनागरी शीर्षक पत्त्यात उतरते खरे, परंतु नक्कल करताना त्याचे टक्केचिन्हांनी भरलेल्या लांबलचक ओळीत रूपांतर होते. भविष्यात मराठी अनुदिन्यांची सूची करणाऱ्या अभ्यासकाला या दोन्ही गोष्टींशी झगडावे लागेल.

६. मुंबई, जुलै २००६ : शेजाऱ्याचा दोष आणि सर्वांना शिक्षा

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या काही दिवसांत केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने आक्षेपार्ह ठरविलेली मोजकी पाने रोखण्याचा आदेश इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना दिला. विशिष्ट पाने रोखण्याऐवजी अनेक कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड व जिओसिटीज यांचे संपूर्ण पत्तेच बंद केले. आक्षेपार्ह लेखनाशी सुतराम संबंध नसलेल्या हजारो अनुदिन्या देशातील वाचकांना दिसेनाशा झाल्या. स्फोटांनंतर मुंबईकरांना मदतीची माहिती पुरविणारी अनुदिनीही त्याच पत्त्यावर होती. काही दिवसांनी ही बंदी सैल झाली.

भारतीय मुद्रणाच्या इतिहासाशी परिचित वाचकाला या प्रसंगात एक जुना धागा दिसेल. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याने भारतीय भाषांतील मजकुरावर नियंत्रण आणताना मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून जामीनपत्रे घेण्याची तरतूद केली होती. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला. लेखक अनेक असतात आणि छापखाने मोजके असतात, म्हणून सत्तेचा हात छापखान्यावर प्रथम पडतो. अनुदिनीच्या बाबतीत छापखान्याची जागा यजमान मंचाने घेतली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ साली झालेल्या दुरुस्तीने अशा मध्यस्थांची जबाबदारी आणि मजकूर रोखण्याची कार्यपद्धती यांना सविस्तर रूप दिले, तर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मधील श्रेया सिंघल निकालात मध्यस्थाच्या दायित्वाची मर्यादा स्पष्ट केली. एका सामाईक पत्त्याखाली राहणाऱ्या लेखकाचे भवितव्य शेजाऱ्यांच्या वर्तनाशी जोडलेले असते, ही २००६ ची शिकवण मात्र कायद्याच्या पुस्तकाबाहेरही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सामाईक पत्त्याचा आणखी एक अनुभव भारतीय लेखकांना आला. देशनिहाय मजकूर रोखणे शक्य व्हावे म्हणून गुगलने २०१२ मध्ये भारतातील वाचकांना ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ या पत्त्याकडे वळविण्यास सुरुवात केली. काही वर्षांनी ही पद्धत सोडून देण्यात आली. २०२० मध्ये त्या डोमेनची नोंदणी गुगलच्या हातून निसटल्याचे उघड झाले आणि मधल्या काळात लोकांनी जागोजागी उद्धृत केलेले त्या पत्त्याचे दुवे तुटले. लेख मूळ पत्त्यावर शाबूत राहिले, परंतु त्यांच्याकडे जाणाऱ्या पाऊलवाटा पुसल्या गेल्या. संशोधकाच्या दृष्टीने तळटीपेतील पत्ता मोडणे ही साधनाच्या हानीचीच एक पायरी होय.

७. मालकीचे स्थलांतर : लाइव्हजर्नल

ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले ‘लाइव्हजर्नल’ हे मालकीबदलाचे ठळक उदाहरण आहे. जानेवारी २००५ मध्ये सिक्स अपार्टने आणि डिसेंबर २००७ मध्ये रशियातील ‘सूप’ कंपनीने ते विकत घेतले. रशियात हा मंच सार्वजनिक वादविवादाचे प्रमुख केंद्र बनला होता. डिसेंबर २०१६ मध्ये त्याचे सर्व्हर रशियात हलविण्यात आले आणि एप्रिल २०१७ मध्ये रशियन कायद्याशी जोडलेल्या नव्या अटी लागू झाल्या. इंग्रजी अनुवाद केवळ माहितीपुरता असून रशियन मसुदाच बंधनकारक राहील, असेही त्यात म्हटले होते. कॅलिफोर्नियातील कंपनीवर विश्वास ठेवून लेखन सुरू केलेल्या व्यक्तीचे लेखन, तिने जागा न सोडताही, दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली गेले.

येथेही मुक्त परवान्याचे मोल दिसून आले. लाइव्हजर्नलची प्रणाली मुक्त स्रोत असल्याने २००९ मध्ये तिच्याच आधारे ‘ड्रीमविड्थ’ हा स्वतंत्र मंच उभा राहिला होता. जुने लेखन प्रतिक्रियांसह तेथे आणता येत असल्यामुळे २०१७ मध्ये अनेकांना जाण्यासाठी जागा तयार होती. प्रसिद्ध कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीही २०१८ मध्ये आपली अनुदिनी लाइव्हजर्नलवरून स्वतःच्या संकेतस्थळावर नेली.

८. बंद पडलेल्या मंचांचा लेखाजोखा

गेल्या सोळा-सतरा वर्षांत बंद झालेल्या मंचांची यादी मोठी आहे. याहू ३६० ही सेवा जुलै २००९ मध्ये संपली. सिक्स अपार्टचा ‘व्हॉक्स’ सप्टेंबर २०१० मध्ये बंद झाला. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज लाइव्ह स्पेसेस’ मार्च २०११ मध्ये गुंडाळले. ट्विटरने मार्च २०१२ मध्ये विकत घेतलेले ‘पोस्टरस’ ३० एप्रिल २०१३ रोजी बंद झाले. सशुल्क असलेला आणि २००३ पासून चालत आलेला ‘टाइपपॅड’ ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला. त्याची सूचना ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे जेमतेम महिनाभर आधी, देण्यात आली.

या यादीतून दोन प्रचलित समजुतींना बाध येतो. पैसे भरले की टिकाऊपणा मिळतो, ही पहिली समजूत होय. टाइपपॅडचे सदस्य पैसे भरत होते, तर १९९९ पासूनचा मोफत ब्लॉगर २०२५ मध्येही चालू होता. मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित आसरा, ही दुसरी समजूत होय. याहू व मायक्रोसॉफ्ट या आपापल्या काळातील बलाढ्य कंपन्याच होत्या. कंपनीच्या ताळेबंदात अनुदिनीचे स्थान गौण झाले की तिचा आकार लेखकाच्या उपयोगी पडत नाही.

बंद पडण्याची रीत मात्र सर्वत्र सारखी नव्हती. विंडोज लाइव्ह स्पेसेसच्या लेखकांना वर्डप्रेस डॉट कॉमवर स्थलांतराची सोय मिळाली आणि वाचकांना काही काळ जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेले गेले. इतर ठिकाणी साहित्य उतरवून घेण्यासाठी अल्प मुदत मिळाली. ज्या लेखकांचे स्वतःचे डोमेन होते, त्यांनी तेच नाव नव्या सर्व्हरला जोडले आणि पत्त्यांची रचना जुळवून घेतली, तर वाचकाला बदल जाणवण्याचेही कारण उरले नाही. जे लेखक तोपर्यंत मृत्यू पावले होते किंवा ज्यांचा ई-मेल पत्ता बदलला होता, त्यांच्यापर्यंत सूचनाच पोहोचली नसेल. ऐतिहासिक साधनांच्या दृष्टीने हाच वर्ग सर्वाधिक असुरक्षित आहे.

९. स्वतंत्र व्यवस्थेच्या मर्यादा

उपरोक्त विवेचनावरून प्रत्येकाने स्वतःचा सर्व्हर घ्यावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. स्वतंत्र व्यवस्थेत वार्षिक शुल्क, सुरक्षेच्या सुधारणा आणि राखीव प्रती यांची जबाबदारी लेखकावर येते. शुल्क भरणारा हात थांबला की डोमेनची मुदत संपते आणि तेच नाव दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ शकते. मोफत मंचावरील लेख लेखकाच्या पश्चात वर्षानुवर्षे वाचता येतो, तर स्वतंत्र संकेतस्थळ पहिल्या थकबाकीनंतर नाहीसे होण्याचा संभव असतो. महाविद्यालयात तर ही जबाबदारी बहुधा एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्याशी बांधलेली असते. त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की परवलीचा शब्दही त्यांच्याबरोबर जातो.

मुक्त प्रणालीही वादांपासून अलिप्त नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग यांचा ‘डब्ल्यूपी इंजिन’ या यजमान कंपनीशी संघर्ष झाला आणि त्या कंपनीच्या सर्व्हरचा वर्डप्रेसच्या मध्यवर्ती भांडाराशी असलेला संबंध तोडण्यात आला. तेथील ग्राहकांच्या संकेतस्थळांना नेहमीच्या सुधारणा मिळण्यात अडथळा आला. डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने तात्पुरत्या मनाई हुकुमाद्वारे हा संबंध पूर्ववत करण्यास सांगितले. परवाना मुक्त असला, तरी वितरणाची किल्ली कोणाच्या तरी हाती असतेच, हे यातून उघड झाले. असे असूनही त्या लेखकांचा मजकूर त्यांच्याच ताब्यात होता आणि दुसऱ्या यजमानाकडे जाण्याचा मार्ग खुला होता, हा फरक महत्त्वाचा आहे.

१०. निष्कर्ष

वरील इतिहासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कोणताही मंच कायम टिकेल, या गृहीतकावर निवड करणे इतिहासाला धरून नाही. मंच केव्हातरी सोडावा लागेल असे मानूनच तो निवडावा.

२) प्रणाली, साठवण आणि पत्ता या तीन घटकांपैकी पत्ता लेखकाच्या किंवा संस्थेच्या ताब्यात असणे सर्वांत मोलाचे आहे. उरलेले दोन घटक बदलता येतात. पत्ता बदलला की उद्धरणे, दुवे व वाचक यांच्याशी असलेले नाते तुटते.

३) संपूर्ण लेखन, छायाचित्रे आणि प्रतिक्रिया यांची प्रत उतरवून घेण्याची सोय नसलेला मंच अन्य दृष्टीने कितीही सोयीचा असला, तरी ऐतिहासिक साधनांसाठी तो स्वीकारू नये. ही सोय असणे पुरेसे नाही. ती ठरावीक काळाने वापरणे आवश्यक आहे.

४) मराठी लेखनासाठी मजकूर युनिकोडमध्ये असणे आणि लेखाचा पत्ता ओळखू येईल असा रोमन लिपीत मुद्दाम ठरविणे हितावह आहे.

५) संस्थेची अनुदिनी व्यक्तीच्या खात्याशी बांधू नये. डोमेनचे नूतनीकरण ग्रंथालयाच्या नियतकालिकांच्या वर्गणीप्रमाणे संस्थेच्या नियमित खर्चात यावे, आणि तिची एक प्रत ग्रंथपालांकडे असावी.

समारोप

आमच्या विभागाने ग्रामेतिहासाच्या नोंदींचे काम पुन्हा हाती घेतले आहे. या वेळी मंच निवडताना सजावट व पानांचे रंग यांची चर्चा विद्यार्थ्यांनी हौसेने केली आणि ती करू दिली. निर्णय मात्र तीन प्रश्नांवर झाला : नाव कोणाचे राहील, प्रत कोण ठेवील आणि सोडून जाताना काय नेता येईल. नोंदी मुक्त प्रणालीवर ठेवायच्या, डोमेन महाविद्यालयाच्या नावे घ्यायचे, प्रत्येक सत्राच्या अखेरीस प्रत उतरवून ग्रंथालयात जमा करायची आणि निवडक नोंदी कागदावर मुद्रित करायच्या, असे ठरले. शेवटचा मुद्दा काहींना कालबाह्य वाटला. परंतु आमच्या पहिल्या प्रयत्नातील जे काही आज हाती आहे, ते कपाटातील त्या पिवळ्या पडलेल्या पानांमुळेच आहे. गावच्या विहिरीचा इतिहास सांगणारे आजोबा आता पुन्हा सांगायला येणार नाहीत. त्यांचे शब्द कोठे ठेवायचे, हे ठरविण्याची जबाबदारी ते शब्द उतरवून घेणाऱ्यावरच येते.